आजच्याच दिवशी

नव्या जालन्यात स्टेशनाजवळ एक न्हावी होता. गालाला साबण लावता लावता सांगायचा, "आजच्याच दिवशी गावात पहिली आगगाडी आल्ती, मालक." नाहीतर, "आजच्याच दिवशी प्लेगाच्या भ्यानं समदे रानात राहाय गेल्ते." खरंखोटं कोण बघतो, ऐकायला बरं वाटायचं.

निजामाची सत्ता जायच्या आधीचा उन्हाळा होता. आसपासची गावं जळत होती. वर्दीतला एकजण मांडीवर बंदूक ठेवून त्याच्या खुर्चीत बसला आणि आरशातून आम्हां बाकावरच्यांकडे बघत हसला.

"बोल, आज क्या हुआ था?"

न्हाव्यानं त्याच्या गळ्याला वस्तरा लावला.

"अभी तक कुछ नहीं, सरकार," तो हळू म्हणाला. "दिन बाकी है."

आरशातलं हसू गेलं. वस्तरा नेहमीसारखाच हलक्या हातानं वर सरकत राहिला, आणि मी बंदुकीवरची बोटं बघत बसलो.