गार्डसाहेबांचं रक्त दिल्लीला जाऊन आलं

छापील कागदापुढे इतका लवून उभा राहणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आमचे गार्डसाहेब, जयपूरच्या शास्त्री नगरातले माझे शेजारी. ते मालगाडीचे गार्ड, मॅट्रिक पास. मी पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा, चौथीत शाळा सोडली. मीच सोडली, कोणी काढलं नाही. तरी सांगतो, कागदाच्या बाबतीत अक्कल माझ्याकडे जास्त. फुलेऱ्याची गाडी सहा दहाला छापलेली असली की साहेब सहा दहाला "आली" म्हणायचे. "कुठाय?" विचारलं तर म्हणायचे, "आली असणार, पॉइंट्समन. आपल्याला दिसत नाही एवढंच." रेशनकार्डावर बाबूने वहिनींच्या नावापुढे 'पुरुष' लिहिलं, तर कार्ड दुरुस्त होईपर्यंत हे वहिनींना "अहो, चहा टाकता का?" म्हणत होते.

रिटायर झाल्यावर साहेब साधी साखर तपासायला गेले. लॅबच्या भिंतीवर तपासण्यांची यादी टांगलेली. "लिहिलंय म्हणजे करायचं असणार," म्हणून वरपासून खालपर्यंत सगळं करून आले. स्वतः कधी दिल्ली पाहिली नाही, पण रक्त दिल्लीला जाऊन आलं. कागदावर आलं, हर्पिस अँटिबॉडी पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच, म्हणून साहेब लॅबवाल्याला घेवर घेऊन गेले. तो म्हणाला, "गार्डसाब, मिठाई किस बात की? ये तो बाहर की बीमारी है, बाहरवाली से लगती है."

दुसरा कोणी असता तर लॅबवाल्याशी भांडला असता. साहेब घरी येऊन स्वतःवरच संशय घेत बसले. "कागदात आहे म्हणजे कधीतरी केलं असणार. आठवत नाही." मग आठवून आठवून वहिनींना गुन्हे सांगू लागले. रींगसच्या मुक्कामात म्हणे एकदा दुसऱ्याच्या चादरीवर झोपलो होतो.

"कोणाच्या?" वहिनी.

"ड्रायव्हरच्या. मिशीवाल्या."

मी हसलो. पण तिसऱ्या दिवशी वहिनींनी ट्रंक काढली, भुसावळला भावाकडे जायला. मला म्हणाल्या, "भावजी, लोक बोलले असते तर मी त्यांची तोंडं बंद केली असती. पण हे स्वतःच म्हणतात, केलं असणार. मग मी कोणाशी भांडू?" तेव्हा माझं हसू गेलं. दोघांना मी धरून रेल्वेच्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे नेलं. साहेब येत नव्हते. मी काय ऐकतोय!

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "होंठ पर कभी छाले हुए थे?"

साहेबांच्या आधी वहिनीच बोलल्या. "लग्नात! हळदीला ताप भरला होता. अंतरपाट खाली आला तर ह्यांच्या ओठावर हे एवढाले फोड! मला वाटलं, मारून बोहल्यावर उभं केलंय."

डॉक्टर हसले. म्हणाले, ओठावरचं ते हेच. फार लोकांना लहानपणीच होतं. ही तपासणी ओठावरचं आणि खालचं वेगळं सांगू शकत नाही. कधी झालं, कोणाकडून झालं, तेही सांगत नाही.

"म्हणजे साहेब," मी म्हटलं, "गाडी गेल्याची नोंद आहे. कधी गेली, कुठून सुटली, तो रकानाच नाही."

साहेबांना पटलं, पण अर्धंच. हात जोडून म्हणाले, "तो लिख के दीजिए ना, कि मैं कहीं गया नहीं."

"वो कोई जाँच नहीं लिख सकती, गार्डसाब."

साहेबांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. तेव्हा वहिनींनी टेबलावरचं पेन उचललं, तोच कागद उलटा केला, पाठीमागे काहीतरी लिहिलं आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला. घरी आल्यावर ट्रंक त्यांनीच माळ्यावर चढवली.

गेल्या थंडीत साहेब गेले. वहिनी आता भुसावळला निघाल्यात, तीच ट्रंक घेऊन. सामान बांधताना साहेबांचा कोट माझ्या हातात आला, आणि त्यातून तो कागद. घड्यांवर झिजलेला. मी अक्षर लावत लावत वाचला. वहिनींनी लिहिलं होतं, "मी ह्यांना ओळखते," आणि खाली सही. त्याखाली साहेबांनी पेन्सिलीने, गार्डाच्या सवयीने, वेळ टाकून लिहिलेलं, "वाचले. बरोबर असणार."

कागदावर माझा विश्वास नाही, आजही नाही. पण तो मी होत्या तशाच घड्या घालून वहिनींच्या हातात दिला. म्हटलं, "हा ट्रंकेत नका टाकू, वहिनी. जवळ ठेवा."