आत्याबाई आणि मूत्रपिंडाच्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे आत्याबाई म्हणत, कारण हातमोजे न घालता पेशींचं उबदार कपाट उघडणाऱ्याला त्या सख्ख्या आत्याच्या हक्काने झापत. मूत्रपिंडाच्या पेशी चपट्या बश्यांमध्ये वाढवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, हे त्यांचं एकवीस वर्षांचं काम. शिक्षण बारावीपर्यंत. पण बशी उजेडात धरायच्या, पेशींच्या खाऊचा गुलाबी द्रव जरा पिवळसर दिसला की म्हणायच्या, "लेकरं भुकेली आहेत."

मी तिथे नवीन. मॉर्फिन हे वेदना शमवणारं औषध दिल्यावर या पेशी कशा वागतात, हे मला बघायचं होतं. दोन महिने मोजणी केली. औषधाच्या आणि बिनऔषधाच्या बश्यांत काहीच फरक दिसेना. 'परिणाम नाही' असा शोधनिबंध लिहायला घेतला, तेव्हा आत्याबाई टेबलापाशी आल्या.

"मॅडम, राग मानू नका. औषधाच्या बश्या तुम्ही रोज खालच्या फळीवर ठेवता. तिथे ऊब कमी लागते. औषधाने पेशी वाढल्या, तरी थंडीत तेवढ्याच मागे पडणार."

"मग आधी का नाही बोललात?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, बश्यांना हात लावू नका."

माझं तोंड एवढंसं झालं. सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. या खेपेला बश्यांवर फक्त आकडे होते. कुठल्या बशीत औषध आहे, ते मला कळू नये म्हणून आत्याबाईंनी लिहून लिफाफ्यात बंद करून ठेवलं आणि बश्यांच्या जागा रोज बदलल्या. तीन महिन्यांनी लिफाफा उघडला. औषधाच्या बश्यांत पेशी खरोखरच जास्त वाढल्या होत्या.

मी आनंदाने उडालेच. आत्याबाई मात्र स्टुलावर बसून राहिल्या.

"आमच्या ह्यांना हाडांचा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "हेच औषध मी त्यांना रोज माझ्या हाताने देते. पेशी अशा भलत्याच वाढल्या, तर मूत्रपिंड बिघडेल ना? आता देऊ की नको?"

'परिणाम नाही' हे वाचून या बाईला घरी जाऊन शांत झोपता आलं असतं. चूक फक्त त्यांनाच दिसली होती, आणि तीच त्यांनी स्वतःहून दाखवली.

"आत्याबाई, बशीतल्या पेशींना दुखत नाही, माणसाला दुखतं," मी म्हटलं. "मनाने काही बंद करू नका. त्यांच्या डॉक्टरांना विचारा."

त्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडं ठीक होती. औषध चालू ठेवा, तपासणी मात्र चुकवू नका, असं त्यांनी सांगितलं. आत्याबाईंनी एकही तपासणी चुकवली नाही.

निबंधावर मी त्यांचं नाव माझ्या शेजारी घातलं. छापील प्रत घेऊन त्यांच्या घरी गेले. आयुष्यभर बस चालवलेले त्यांचे यजमान उशीला टेकून बसले होते. त्यांनी बायकोचं नाव बोटाने शोधून काढलं.

"म्हणजे गोळ्या मी गिळायच्या आणि नाव हिचं व्हायचं!"

"गप्प बसा, आणि पाणी प्या," आत्याबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपत आत चहा टाकायला गेल्या.