शनिवारची तारीख कोणं टाकली?

जित्या माणसाच्या फोटोले हार घालाले लाज नाई वाटत काय? नालवाडीच्या ग्रुपवाल्यांनो, आज सकाळी चौकात माह्याच श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता!

मले पाहून भाजीवालीच्या हातची वांगी पडली. "काकू, तुमी तं गेल्या ना?"

घरी येऊन पोरीले धरलं. ती डिझाइनच्या शेवटच्या वर्षाले आहे. नोकरीसाठी आपल्या कामाचे नमुने जमा करून राह्यली, त्याले पोर्टफोलिओ म्हणते. वाढदिवसाचा फ्लेक्स झाला, लग्नाचा झाला, श्रद्धांजलीले माहा फोटो लावला. "दुसऱ्या कोणाचा लावू आई? मारतीन ना मले!" दुकानात छापाले धाडला, तं त्यायनं खरा समजून टांगूनबी देल्ला.

इथवर मी हासलीच. पण फ्लेक्सवर निधनाची तारीख येत्या शनिवारची आहे. पोरीनं कंप्युटर उघडून दाखवला, तिथं तारखेची जागा कोरी. दुकानवाला म्हणते, "आमी एक अक्षर नाई बदललं, मावशी."

पोरगी दुपारपासून माह्याजवळून हलून नाई राह्यली.

ज्यानं तारीख टाकली, त्यानं शुक्रवारी दिवस बुडाच्या आत मले सांगावं. मंग सांगून फायदा नाई.