मामूंची डबाभाजी

"यल्ला, तोंड उघड," म्हणत मामू डाव माझ्यापुढं धरायचे आणि स्वतः मान खिडकीकडं वळवायचे. भाजीची वाफ नाकात जाऊ नये म्हणून. त्यांचा रोजा असायचा.

आखातात, मनामाजवळच्या सनाबिसच्या त्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. मामू धरून तिघं दापोलीकडचे मुसलमान आणि चौथा मी, खेडचा, सातवीतून शाळा सोडलेला. रोजे तिघांचे, म्हणून मीठ बघायचं काम माझं. मामू म्हणायचे, "तुला देवानं खास माझ्यासाठी हिंदू केलाय."

ते दिवस ऐन उन्हाळ्यातल्या रमजानचे. मामू आणि मी तुबलीच्या वर्कशॉपमध्ये एसीच्या हवेसाठी पत्र्याचे डक्ट बनवायचो. उन्हाळ्यात ओव्हरटाइम चुकायचा नाही. खोलीवर पोचेपर्यंत रोजा सोडायच्या मगरिबच्या अजानला अर्धा तास उरलेला असायचा, आणि तेवढ्यात मामू टोपभर भाजी उभी करायचे. तेलात कांदा, ठेचलेला लसूण. चिकन सॉसेजचा डबा फोडून त्याच्या चकत्या, कडा लाल होईस्तोवर. मग टोमॅटो, घरून आलेला मसाला आणि पांढऱ्या बीन्सचे दोन डबे, पाण्यासकट. पालक अगदी शेवटी, हातानं तोडून. "पाला आधी टाकलास की गवत खा," हे ते दर वेळी सांगायचे, जणू मी पहिल्यांदाच ऐकतोय. जहाजावर नोकरीला असताना शिकले होते. भाजीला नाव नव्हतं, आम्ही डबाभाजी म्हणायचो.

मिठाची भानगड अशी, की डब्यातल्या सॉसेजला आणि बीन्सला मीठ असतंच, पण प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणून चाखल्याशिवाय मामू चिमूटही टाकायचे नाहीत.

माझा तिसरा महिना चालू होता. तो संपला की मला ठेवायचं का परत पाठवायचं, ते ठरणार होतं. त्या दिवशी मी आठ पत्रे कापले आणि मग लक्षात आलं, जोडासाठी काठाला इंचभर जास्त सोडतात, ते सोडलेलंच नाही. आठही वाया. फोरमन साइटवर गेला होता. मी पत्रे उचलले आणि भंगाराच्या ढिगामागं नेऊन ठेवले. दुपारभर एकच विचार: सातवी शिकलेल्याला दुसरा व्हिसा कोण देणार?

संध्याकाळी मामूंनी डाव पुढं केला. "बघ रे."

"कमी आहे," मी म्हणालो. खरं म्हणजे मला काही लागलंच नव्हतं. त्यांनी मीठ टाकलं. पुन्हा डाव. मी पुन्हा म्हणालो, "अजून थोडं."

अजान झाली. खजूर खाऊन सगळ्यांनी भाजीत खुबूस, म्हणजे तिथली रोटी, बुडवली आणि पहिल्याच घासाला तिघांचे हात थांबले.

"मामू," खोलीतला रंगारी म्हणाला, "तुबलीची खाडी ओतलीत काय आज?"

दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली माणसं ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामूंनी उरलेला पालक आणि तांब्याभर पाणी टोपात टाकून तो पुन्हा गॅसवर ठेवला आणि मला जिन्यात घेऊन गेले.

"तुझी जीभ आज कुठं गेली?"

मी सगळं सांगितलं.

"किती पत्रे?"

"आठ."

"आणि लपवलेस? अरे बाबा, पत्रा लपतो होय? सकाळी ऊन पडलं की मनामापर्यंत चमकेल." मग हसू आवरून म्हणाले, "उद्या फोरमनला तू सांगायचंस. मी शेजारी उभा राहीन, बोलणार नाही."

सकाळी बोललो. माझं हिंदी ते काय! "साब, मैंने काटा. आठ. गलत. छुपाया भी मैंने." फोरमननं जो आवाज चढवला, तो अख्ख्या शेडनं ऐकला. मला विमानच दिसायला लागलं. तो दमल्यावर मामू एवढंच म्हणाले, "साब, छोटावाला डक्ट निकलेगा इसमें से. मैं बिठा देता हूँ." बोलणार नाही म्हणाले होते, पण राहवलं नाही त्यांना. दुपारच्या सुट्टीत, रोजा असताना, आडोशाला पडून राहायचं सोडून त्यांनी माझ्याकडून ते आठही पत्रे पुन्हा आखून घेतले. पंधरवडाभर मला एकट्याला कातरीला हात लावायची मनाई झाली. पण तिसरा महिना संपला आणि मी राहिलो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. उपकार करतात आणि आपण आभार मानायला लागलो की म्हणतात, "खलास, कामाला लाग." मामूंनी मला कधी नीट आभार मानू दिले नाहीत.

पुढं ते कायमचे गावी गेले, तेव्हा मी रजेवर होतो. निरोप राहूनच गेला. त्यामुळं डोळ्यांपुढं येतात ते अस्करच्या साइटवर डक्ट बसवायला गेलेले मामू. माझा व्हिसा पहिल्यांदा वाढवून मिळाला होता आणि मी पासपोर्ट घेऊन तडक तिकडं गेलो होतो. ते परांचीवर होते. तिथूनच हात खाली केला, मी टाचा उंचावून पासपोर्ट दिला. त्यांनी बोटं शर्टाला पुसली, शिक्क्याचं पान शोधलं, उलटंसुलटं धरून पाहिलं. मग पहिल्या पानाकडं गेले आणि माझ्या फोटोकडं बघून इतके हसले, की परांची हलायला लागली.

"अरे," ते वरून ओरडले, "केवढा घाबरलायस रे ह्यात!"