आधी हिला सांगा

मला बनवणारा माणूस अख्ख्या हदगाव तालुक्यात जन्मला नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असतो. मागच्या बाजारी एकानं मला आंधळी कोंबडी विकली, ती गोष्ट वेगळी!

आमच्या गल्लीत किस्से उकिरड्यासारखे साचतात. रोज कुणीतरी टोपलं आणून ओततंच. हल्लीची सगळी टोपली आमच्या शोभाची. शोभा म्हणजे माझ्या पुतण्याची, गजाननची बायको. माहेर निलंग्याकडचं. लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात तिनं कलिंगडवाल्याला गल्लीत अडवलं.

तो म्हणाला, "साखर हाय बाई, साखर."

ही म्हणाली, "मग काप."

कापलं तर आत पांढरं फटक. दुसरं कापलं, तेही तसंच. तेव्हापासून तो गडी गल्लीच्या तोंडाशी थांबून मला विचारतो, "तात्या, सूनबाई घरी हायेत का?"

*

अशा बाईची पोर, पिंकी, तिला न विचारता कापली गेली.

शोभा आईच्या आजारपणात निलंग्याला गेली होती. इकडं गावात फुकट तपासणीचं शिबिर आलं. पिंकीनं कच्च्या चिंचा खाल्लेल्या, पोट दुखत होतं. नांदेडच्या डॉक्टरानं पोटावर मशीन फिरवलं अन् अपेंडिक्स फुटायला आलंय, आजच काढा म्हणाला. गजाननची पाचावर धारण बसली. बायकोला फोन केला नाही, पोरीला खरं सांगितलं नाही. नांदेडला आइसक्रीम खाऊ म्हणून गाडीत बसवलं.

पोरगी शुद्धीवर आली तेव्हा पहिलं विचारलं, "आइसक्रीम कुठाय?"

तेव्हापासून कुणी नुसतं "चल" म्हटलं की तिचा हात पोटावर जायचा. बापाबरोबर तर ती किराणा दुकानातही जाईना.

*

पुढं उन्हाळ्यात गल्लीतली पोरं नळाखाली उघडी आंघोळ करून राहिली होती. बघतो तर ज्याच्या त्याच्या पोटावर उजव्या बाजूला, त्याच जागी, तसेच टाके. मी म्हणालो, "गल्लीत एकच शिंपी येऊन गेला वाटतं!"

सगळे लई हसले. शोभा हसली नाही. धुणं तसंच टाकून उठली अन् घरोघर फिरली. सगळी पोरं त्याच शिबिरातली, त्याच डॉक्टरानं कापलेली. दुसऱ्या दिवशी तिनं पोरं अन् त्यांच्या आया एसटीत घातल्या आणि नांदेडला एका जुन्या डॉक्टरीणबाईंपुढं उभ्या केल्या. बाईंनी पोरं तपासली, शिबिरातल्या मशीनचे फोटो बघितले अन् चष्मा काढून ठेवला. यातल्या एकाचंही पोट कापायची गरज नव्हती, म्हणाल्या.

*

तक्रार द्यायला शोभा कलेक्टर कचेरीत गेली. साहेब म्हणाला, ऑपरेशनला तुमच्या मालकांनीच सही दिलीय की. गजानन शेजारीच उभा होता.

शोभा म्हणाली, "हाव, दिली. मग त्यांचंबी नाव लिहा."

साहेबानं पेन खाली ठेवला. गजानन म्हणाला, "लिहा साहेब."

त्याला मी लहानपणापासून बुळ्या म्हणत आलोय. त्यानंतर आठवडाभर म्हणालो नाही!

*

चौकशी लागली, डॉक्टराच्या मशीनला सील लागलं. मग तो एका पुढाऱ्याला घेऊन भर दुपारी आमच्या ओसरीवर आला. आमच्याकडं वैरी जरी उंबऱ्याशी आला तरी आधी पाणी, मग बोलणं. शोभानं तांब्या भरून आणला अन् पिंकीपुढं ठेवला.

"आधी हिला सांगा. मग पाणी."

पुढारी म्हणाला, "ताई, लेकराला काय कळतंय?"

शोभा म्हणाली, "कापलं कुणाला?"

डॉक्टराचा घसा वाळलेला. जमिनीकडं बघून काहीतरी पुटपुटला. शोभानं त्याला पोरीकडं बघायला लावलं. मग म्हणाला, "बाळ, तुझं पोट चांगलं होतं. मी कापायला नको होतं."

पिंकीनं तांब्या पुढं सरकवला. तो घटाघटा प्याला, तोंड पुसलं, जरा सैल झाला. आता तक्रार मागं घेता ना, म्हणाला.

"पाणी तहानेचं होतं," शोभा म्हणाली.

*

डॉक्टर बोलून गेला, राहिला बाप. गजानन आता कुठंही निघताना स्टँडवरच्या भोंग्यासारखा पुकारा करतो: पिंकी, हदगावला चाललो, चप्पल घ्यायची, दवाखाना नाही. मी मागनं भोंग्याचा आवाज काढतो. तरी ती जायची नाही.

मागच्या आठवड्यात तो तिच्यापुढं मांडी घालून बसला. "पिंके, मी खोटं बोललो. मीच भेलो होतो. आता खरंच आइसक्रीम खायला जाऊ. बस त्या दवाखान्यावरून जाईल, पण आपण तिथं उतरायचं नाही."

पिंकीनं आईकडं बघितलं. तुझं तू ठरव, शोभा म्हणाली.

पोरगी उठली. मी फाट्यापर्यंत सोडायला गेलो. एका हातात बापाचं बोट, दुसरा हात पोटावर. लांबून बस दिसली तसा मी म्हणालो, "पिंके, सुधारला की आता बाप. काढ तो पोटावरचा हात."

ती म्हणाली, "तात्या, एक हात दिला की बाबाला. हा माझा हाय."