पाळीवरचा पयला गिअर

“पयला टाक बे! पयला!”

आमच्या गावात कोंबडा आरवायचा तो केवळ रीत म्हणून. गाव उठायचं या बोंबेनं. आसगावचे लोक म्हणत, आमचीही झोप मोडते. पवनीला तर म्हणे वैनगंगेतले मासे पलीकडच्या काठाला राहायला गेले. माशांना मी स्वतः विचारलं नाही, बाकी सगळं खरं.

तुमच्याही गावात असा एखादा असेलच, ज्याला पाहिलं की पाय आपोआप दुसऱ्या गल्लीत वळतात. आमचा बुढा तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या उंच बांधाखाली राहायचा. रस्ता पाळीवर चढतो आणि पलीकडे उतरतो तो थेट त्याच्या सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या तोंडाशी. सपरीत खाट, खाटेवर बुढा. डोळे मिटलेले, कान उघडे. मी धानाची भरलेली ट्रॉली घेऊन पाळीवर आलो की नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून याला कळायचं, ट्रॅक्टर कितव्या गिअरात आहे. स्वतः जन्मात बैलबंडीपलीकडे काही हाकलं नव्हतं!

“तिसऱ्यात उतरून राहिला का बे? मांगची ट्रॉली काय तुही बायको हाय, थांब म्हटलं का थांबाले?”

“बुढ्या, माही बायको बी नाई थांबत!”

“म्हनून तं सांगून राहिलो. बिरेक चाकाले धरते, गिअर ट्रॉलीले धरते. वरतंच थांब, पयला टाक, मंग उतर. मधात क्लचले पाय लावशीन तं तंगडी तोडीन!”

कारण होतं, नाही असं नाही. डिझेल वाचवायला कोणीतरी भरली ट्रॉली न्यूट्रलमध्ये सोडली होती. मागच्या वजनानं ट्रॅक्टरला असं ढकललं की तो भिंत पाडून सपरीत शिरला. म्हैस वाचली, पण त्या धक्क्यानं तिनं दूध बंद केलं आणि बुढ्यानं तोंड चालू केलं. दोन्ही पुन्हा पूर्ववत झाली नाहीत.

दसऱ्याला आम्ही ट्रॅक्टरला हार घालायचो, चाकाखाली लिंबू ठेवायचो. हा येऊन म्हणायचा, “लिंबू चाकाखाली, अन् गिअर देवाच्या भरवशावर!” मी त्याला प्रसाद द्यायचो नाही. त्याच्या दारात मुद्दाम भोंगा वाजवायचो. तो माझ्या वाटेवर शेणाचं पाणी ओतायचा. असं आमचं छान चाललं होतं.

मग त्याच्या पोरीचं लग्न निघालं. मंडप कुठं? दारात, म्हणजे बरोबर उताराच्या पायथ्याशी. पवनीकडून वरात आली ती ट्रॉलीत. माणसं इतकी, की ट्रॉली दिसत नव्हती, नुसते फेटेच चालत येताहेत असं वाटत होतं. ट्रॅक्टरवर नवरदेवाचा मामा, डोळ्यांवर काळा गॉगल. बँड सुरू. आणि हा पोरीचा बाप, नवं धोतर सावरत पाळीवर धावला आणि हात पसरून रस्त्यात उभा राहिला.

“पयला टाका, मंग उतरा.”

“मी वरात घेऊन आलो का लायसन काढाले?” मामा गरजला.

“खाली मंडप हाय माहा. बायालेकरं बसून हायेत.”

“जनमभर ट्रॅक्टर चालवून राहिलो मी! बाजूले व्हय, नाई तं वरात वापस नेतो!”

बँड थांबला. सगळं गाव पाळीकडे धावलं. मी सगळ्यांच्या पुढे. मदतीला नाही, चांगली जागा मिळावी म्हणून. बुढ्याची बायको खालून हात जोडत होती. दोन-चार जाणत्यांनी त्याला धरून ओढलं. हलला नाही.

“न्या वापस,” तो म्हणाला. “पोरगी घरी ठेवीन. मेलेली नाई पाह्यनार.”

मामानं दात खाल्ले आणि दांडा पहिल्यात ढकलला. ट्रॉली अशी उतरली की बाजूनं मुंग्या पुढे गेल्या आणि नवरदेवाची दाढी वाढली. खाली पोचली. काही झालं नाही. मंडप उभा, माणसं धड. आणि काहीच झालं नाही म्हणून तर सगळे त्याच्यावर चिडले! मामा पंगतीतून उठला. “या घरचं पानी पेनार नाई,” म्हणाला, आणि प्यायला नाही.

पाठवणीला ट्रॉली पुन्हा पाळ चढायची होती. पोरगी रडत रडत चढून बसली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, “मामाजी, पयला टाका. भरली हाय.”

वऱ्हाडी तिच्याकडे डोळे वटारून पाहत होते. बुढा खाटेवर तोंड फिरवून बसला.

गेल्या धानकापणीत तो गेला. मला तो माणूस शेवटपर्यंत आवडला नाही, लिहून ठेवा. पोरगी आधीच येऊन पोचली होती, पण पवनीच्या सोयऱ्यांची ट्रॉली येईपर्यंत आम्ही त्याला स्मशानात नेऊन परत आलो होतो. सपरीत खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. तेवढ्यात पाळीवर इंजिनाचा आवाज आला आणि आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. ट्रॅक्टरवर तोच मामा, लग्नानंतर इकडे कधी न फिरकलेला. ट्रॅक्टर वरतीच थांबला. कट्टकन दांडा पडला. मग माणसांनी भरलेली ट्रॉली हळूहळू खाली आली.

मामा उतरला. उभ्या खाटेपुढे जाऊन रागानंच म्हणाला, “पयल्यातच आलो, बुढ्या. बोल आता!”

मग सपरीच्या जमिनीवर बसला आणि घरात पाहून म्हणाला, “पोरी, पानी आन.”