ग्रिझेलने काळ्या दोऱ्याने भरलेलं नाव

ग्रिझेल माझ्या लक्षात आली ती तिच्या कापडाच्या उलट्या बाजूमुळे. आमच्या कोळीवाड्यातल्या मुली पुढून फुलीचे टाके नीट घालत, मागे मात्र दोऱ्यांचं जंजाळ. या दहा वर्षांच्या मुलीचं कापड दोन्हीकडून सारखंच स्वच्छ होतं. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, मागे काय आहे ते मला माहीत असतंच ना."

माझ्या शिवणाच्या वर्गात प्रत्येक मुलगी वर्षभर एक कापड भरायची. वर मुळाक्षरं, मध्ये घर आणि मोर, खाली घरच्यांची आद्याक्षरं. जिवंत माणसं हिरव्या-तांबड्या दोऱ्यात, वारलेली काळ्या. ग्रिझेलचा धाकटा भाऊ तापाने गेला होता, त्याची अक्षरं काळी होती.

मुलींच्या आया कापडं बघायला आल्या त्या दिवशी भावाच्या अक्षरांशेजारी बापाचीही अक्षरं काळी दिसली. बाप, आर्ची, त्या वेळी हेरिंग मासळीच्या होडीवर गेलाय असंच आम्ही सगळे धरून होतो. अभद्र टळावं म्हणून खोलीतल्या सगळ्या बायांनी मुकाट्याने जवळची कात्री, सुई, जे लोखंड सापडेल त्याला हात लावला. माझाही हात गेला.

"तांबडा संपला होता वाटतं," कुणीतरी पुटपुटलं.

ग्रिझेलची आई बेथिया पांढरीफटक पडली. "अगं, बाप दर्यावर आहे तुझा. काय करून बसलीस?"

"दर्यावर नाही, आई. लीथ बंदरात आहे. मावशीबरोबर मासे विकायला गेले होते ना, तेव्हा पाहिलं. तिथे त्याचं घर आहे. दोन मुली त्याला बाबा म्हणतात. मला बघून त्याने दार लावून घेतलं."

मावशी कोपऱ्यात उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"आधी हे उसव," मी कशीबशी म्हणाले. "जिवंत माणूस काळ्यात भरायचा नसतो."

"मग कुठल्या रंगात भरू, बाई? जिवंत आणि वारलेले, तुम्ही दोनच सांगितलेत."

इतकी वर्षं शिकवत होते, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी कात्री बेथियापुढे धरली. आता पोरीला थोबाडीत बसणार असंच सगळ्यांना वाटलं. बेथियाने कात्री घेतली, कापड मांडीवर पसरलं, त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि कात्री मला परत दिली.

"टाके घट्ट आहेत," ती म्हणाली. "राहू देत."

होड्या परतायच्या दिवशी आर्ची घरी आला तेव्हा त्याची पेटी दाराबाहेर ठेवलेली होती आणि दाराला आतून कडी होती. त्याने पुष्कळ शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. शेजारच्या एकाही बाईने त्याला आत बोलावलं नाही.

ग्रिझेल आता डनफर्मलिन गावी लिननच्या चादरींवर मालकांची नावं भरते. बेथिया तिच्याकडेच राहते.